तळी बुजवली कोणी?

जबलपूरला बावन्न तळ्यांचं शहर म्हणतात. रानीताल, चेरीताल, आधारताल, भंवरताल, मढाताल, हनुमानताल, देवताल, सूपाताल ही नावं आजही ऑटोवाल्याच्या तोंडी असतात. पण उतरून पाहिलं तर रानीतालला क्रीडासंकुल, भंवरतालला बाग, चेरीतालला वस्ती आणि मढातालला दुकानं. पाणी राहिलं ते थोड्याच ठिकाणी, आणि त्यातल्या हनुमानतालासारख्या तळ्याचं पाणी कोणी ओंजळीत घेणार नाही.

ही तळी गढा-मंडल्याच्या गोंड राजांच्या काळातली. रानीताल राणी दुर्गावतीचं, चेरीताल तिच्या दासीचं आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह कायस्थ याचं, असं गावात सांगतात. राणी १५६४ मध्ये मोगलांशी लढताना पडली. १७८१ पासून इथे मराठ्यांचा अंमल होता, १८१७ नंतर इंग्रजांचा. एवढ्या उलथापालथीत टिकलेली तळी गेल्या शे-सव्वाशे वर्षांत का बुजली, हा या संवादाचा विषय आहे. संवादातली माणसं कल्पित आहेत. मामा जीसीएफ, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भाची इथल्या उच्च न्यायालयात वकिली करते. दोघांच्या घरी मराठी बोलतात, भांडण रंगात आलं की हिंदी.

मामा: अगं, यात वाद घालण्यासारखं काय आहे? माणूस मुळात हावरा. त्याला तळं दाखवलं तरी प्लॉट दिसतो. राज्य कोणाचंही आणा, झेंडा कुठलाही लावा. हावेला पक्ष नसतो.

भाची: हाव असते, मला मान्य आहे. पण मग हे सांगा, त्याच हावऱ्या माणसांनी तीनशे वर्षं तळी का नाही बुजवली? दुर्गावतीच्या सरदारांना हाव नव्हती? आपल्या मराठी सुभेदारांना नव्हती?

मामा: तेव्हा माणसं थोडी होती आणि जमीन पडून होती.

भाची: शिवाय तळं बुजवलं तर प्यायचं काय, हा प्रश्न होता. १८८३ मध्ये खंदारी जलाशयाचं पाणी शहरात यायला लागलं. घरात नळ आला आणि तळ्याची रोजची गरज सुटली. ज्याला रोज घागर भरायची असते तो तळ्यात कचरा टाकू देत नाही. ज्याच्या नळाला पाणी आहे त्याला काय फरक पडतो?

मामा: म्हणजे नळ आणायलाच नको होता?

भाची: नळ हवाच होता. पण नळ आणताना तळं कोणाच्या हवाली करायचं, हे कोणी ठरवलं नाही. तुम्ही सिहोऱ्याचा शिंगाडा खाता ना?

मामा: खातो की. उपास आपल्याकडे दुसऱ्या कशावर होतो?

भाची: तो बर्मन समाजाची मंडळी तळ्यात लावतात. आषाढात गळाभर पाण्यात उतरायचं, वेलाचं रोप पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबायचं. मग कीड बघायची, शेवाळ काढायचं, आणि नवरात्राच्या सुमाराला तोडणी सुरू करायची. काट्यांनी बोटं फाटतात. आता त्या माणसाच्या तळ्यात कोणी गटार सोडलं तर तो गप्प बसेल? तोही पैशासाठीच करतो, मामा. तो काही संत नाही. पण त्याची हाव तळं भरलेलं असण्यात आहे, आणि प्लॉट पाडणाऱ्याची तळं कोरडं पडण्यात. हाव दोघांनाही आहे. तळं कोणाच्या ताब्यात दिलं, यावर पुढचं सगळं ठरलं.

मामा: बोलायला छान आहे. पण त्याच बर्मनच्या हातावर कोणी दोन लाख ठेवले तर?

भाची: तर तो घेईल. म्हणूनच तळं विकण्याचा हक्क त्याला असता कामा नये, आणि वापरण्याचा हक्क कोणी काढून घेता कामा नये. उलट आपण केलं काय? १९५९ ची मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता बघा. कलम २५१. ज्या तळ्यांवर लोकांचे निस्ताराचे, म्हणजे रोजच्या घरगुती वापराचे, आणि सिंचनाचे हक्क होते ती तळी राज्य शासनाकडे गेली. कागदावर लोकांचे हक्क शाबूत राहिले, पण धनी बदलला. धनी भोपाळला आणि तळं इथे.

मामा: आता तू कायद्याच्या पुस्तकात शिरलीस, तर मी इतिहासाच्या पुस्तकात शिरतो. न्यूझीलंडमध्ये मोआ नावाचा पक्षी होता. शहामृगाहून उंच, उडता न येणारा. तेराव्या-चौदाव्या शतकात पॉलिनेशियन लोक तिथे पोचले आणि दीडएकशे वर्षांत मोआ संपला. ना कारखाना, ना शेअर बाजार, ना पटवारी. काठ्या, कुत्री आणि भूक एवढीच सामग्री. ही तुझी कुठली व्यवस्था?

भाची: हा मुद्दा बिनतोड आहे, मी मोडून काढणार नाही. पण कथा तिथे संपवू नका. त्याच लोकांच्या वंशजांनी, माओरींनी, पुढे राहुई नावाची प्रथा पाळली. अमुक खाडीत अमुक काळ मासे धरायचे नाहीत, अमुक रानात शिरायचं नाही. पाळली नाही तर समाज जाब विचारणार. माणसाचा स्वभाव जर एकच असता तर मोआ संपवणाऱ्यांनी हे नियम केलेच नसते.

मामा: नियम केले, पण मोआ संपल्यावर. माणसाला आधी नुकसान करावंच लागतं, मग अक्कल येते. तेच तर मी म्हणतोय. आणि तुम्ही मंडळी व्यवस्था म्हणालात की मनात भांडवलशाही असते. अरल समुद्र कोणी आटवला? १९६० नंतर सोव्हिएत सरकारनं नद्या कपाशीकडे वळवल्या. तिथे नफेखोर शेठ नव्हता, सगळं सरकारी होतं. आज मुइनाक बंदरात जहाजं वाळवंटात गंजत पडली आहेत.

भाची: मी भांडवलशाही म्हटलंच नव्हतं. उलट अरल माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. कपाशीचा आकडा मॉस्कोत ठरत होता. समुद्र आटला म्हणून तो ठरवणाऱ्याची थाळी रिकामी झाली नाही, मुइनाकच्या कोळ्याची झाली. आणि त्या कोळ्याला विचारलं कोणी? शेठ असो की सरकार, फायदा एकाच्या पदरात आणि नुकसान दुसऱ्याच्या दारात पडलं की हेच होतं.

मामा: बरं, मग हार्डिन या पर्यावरणशास्त्रज्ञाचं काय करशील? १९६८ साली त्यानं गायरानाचा दाखला देऊन सांगितलं, की सगळ्यांचं ते कोणाचंच नाही. प्रत्येक गुराखी आणखी एक गाय सोडतो, कारण गाय त्याची आणि उजाड झालेलं गायरान सगळ्यांचं. यात कोणाला कपटी म्हणावं लागत नाही. साधा हिशेबी माणूस पुरतो.

भाची: आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची कुरणं, कालवे, मासेमारीचे किनारे तपासून १९९० मध्ये दाखवलं, की लोक अशी साधनं शतकानुशतकं सांभाळतात. हद्द कोणती, वापरणार कोण, नियम मोडला तर दंड किती, हे वापरणाऱ्यांनीच ठरवलेलं असेल तर गायरान टिकतं. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. हार्डिननीही नंतर कबूल केलं, की आपलं म्हणणं व्यवस्थापन नसलेल्या गायरानाला लागू पडतं.

मामा: परदेशी दाखले पुरे. आपल्या मुलखातला दे.

भाची: देते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तिथेही गोंड राजांच्या काळातली हजारो तळी आहेत, बरीचशी कोहळी समाजानं बांधलेली. माजी मालगुजारी तलाव म्हणतात. सरकारी कागदात त्याचं लघुरूप 'मामा तलाव' आहे.

मामा: वा! माझ्या नावावर निदान काही पाणी आहे.

भाची: ते विदर्भातले जिल्हे तेव्हा आपल्याच मध्य प्रदेशात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तळी सरकारजमा झाली. आधी गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं, पाळीनं पाणी वाटणं गावात ठरायचं. आता ते कार्यालयात ठरायला लागलं. तळी गाळानं भरत गेली, काठावर बेशरम नावाची झुडपं माजली. हावरेपणा काही त्या वर्षी वाढला नव्हता.

मामा: थांब. इथे तू गोड गोड चित्र काढते आहेस. मालगुजार म्हणजे काय देवमाणूस होता? पाळ दुरुस्त व्हायची ती कोणाच्या पाठीवर? वेठबिगार होती गं. तळ्याचं पाणी आधी कोणाच्या शेतात जायचं, हेही विचार. तुझी जुनी व्यवस्था तळं सांभाळत होती आणि माणूस पिळत होती.

भाची: हे खरं आहे, आणि मला मालगुजार परत नको आहे. मालगुजारी जायलाच हवी होती. प्रश्न इतकाच, की त्याच्या हातातून काढलेलं तळं कोणाच्या हातात द्यायचं. सरकारच्या की गावाच्या? त्याच भागात ढीवर समाजाच्या मासेमारी सहकारी संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीनं काही तळी पुन्हा उभी केली. उन्हाळ्यात तळ्याचा काठ नांगरला, बेशरम मुळासकट उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. बायका त्यात पुढे होत्या. दिसेनाशा झालेल्या देशी मासळीच्या जाती परतल्या. तिथे मालगुजार नाही आणि वेठही नाही. ज्यांच्या घरची चूल तळ्यावर पेटते त्यांच्या हाती तळं आहे.

मामा: चांगलं आहे. पण माझा मुळातला प्रश्न तू टाळते आहेस. व्यवस्था काय आभाळातून पडते? पटवारी माणूसच असतो. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, 'पानी मद' अशी नोंद असलेली जमीन एक दिवस वेगळ्याच मदात जाते. ती आपोआप जाते का? कोणीतरी पेन उचलतं, कोणीतरी पाकीट देतं, कोणीतरी नगरसेवक डोळे मिटतो. आणि शेवटी कोणीतरी सुशिक्षित माणूस, आपल्यातलाच, स्वस्तात मिळतोय म्हणून तिथे फ्लॅट घेतो. पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरलं की तोच महापालिकेला शिव्या देतो. सगळंच व्यवस्थेच्या खात्यावर टाकलंस तर माणूस उरतो कुठे?

भाची: हा प्रश्न मला टोचतो. खरंच टोचतो. कोर्टात आम्हीही हेच करतो, प्रतिवादी म्हणून शासन लिहितो. फ्लॅट घेणाऱ्याचं नाव त्यात कधी नसतं.

मामा: मग ग्वारीघाटावर ये कधी संध्याकाळी. तिथे कुठला बिल्डर नाही. द्रोणात फूल, वात, तुपाचा थेंब, आणि 'नर्मदे हर'. दिवा पुढे सरकतो आणि मागे हार, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकची पिशवी. पोरं दोरीला चुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढत असतात. नर्मदेला 'मैया' म्हणणारा माणूसच तिच्या अंगावर कचरा टाकतो. २०१७ मध्ये विधानसभेनं ठराव केला, की नर्मदा ही जिवंत व्यक्ती आहे. व्यक्ती ठरल्यावर पिशव्या कमी झाल्या का?

भाची: नाही झाल्या. पण मामा, घाटावरचा हार नर्मदेला मारत नाही. शहराचे नाले आणि डेअऱ्या मारतात. परियट आणि गौर या नद्यांकाठच्या डेअऱ्यांचं शेण थेट पात्रात जातं. परियट हिरनला मिळते, हिरन नर्मदेला. गौर तर थेट नर्मदेतच. हे प्रकरण उच्च न्यायालयात झालं, हरित लवादापुढेही गेलं.

मामा: आणि त्या डेअरीवाल्यांपैकी कितीतरी जण अमावास्येला नर्मदास्नानाला जातात. शेण नदीत सोडणं पाप आहे हे त्यांना समजत नाही?

भाची: समजतं. पण शेण उचलून शेतापर्यंत न्यायला ट्रॅक्टर, डिझेल, मजूर लागतात. पाण्याच्या नळीनं नदीत लोटायला काही लागत नाही. जो प्रामाणिकपणे वाहून नेईल त्याचं दूध महाग पडेल आणि शेजारचा स्वस्तात विकेल. असल्या बाजारात सज्जन माणूस आधी बुडतो. तुम्ही म्हणता स्वभाव सुधारा. मी म्हणते, सज्जनाला तोटा होणार नाही एवढं तरी आधी करा.

मामा: आणि मी म्हणतो, ते स्वस्त दूध सकाळी दारात घेणारा कोण? तू आणि मी. दोन रुपये जास्त मागितले तर आपण डेअरी बदलतो.

भाची: बदलतो. तेव्हा दोन रुपये आपल्याकडून वसूल करणारा नियम हवा. आपण आपणहून देणार नाही हे तर तुम्हीच सिद्ध केलंत.

मामा: म्हणजे स्वभाव मी सिद्ध केला आणि फायदा तुझ्या मुद्द्याला! बरं, बरगीचं बोल. ते तर भलंमोठं काम होतं.

भाची: नर्मदेवरचं पहिलं पुरं झालेलं मोठं धरण. काम १९७४ ला सुरू झालं, १९९० ला संपलं. १०१ गावं जातील असं सांगितलं होतं, पाणी चढलं तेव्हा १६२ गावं बुडाली. पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वसाहतीसुद्धा पाण्याखाली गेल्या. एक लाखाहून जास्त माणसं उठली, त्यांत गोंड पुष्कळ. जमिनीचे मालक जबलपुरात येऊन रिक्षा ओढायला लागले. ज्यांच्या पूर्वजांनी या शहराला तळी दिली त्यांची ही गत. यात हाव कोणाची होती? मंडल्याच्या शेतकऱ्याची?

मामा: त्याची नाही. पण इंजिनिअरचीही नव्हती. त्यातले काही माझ्या ओळखीचे होते, सरळ माणसं. देश घडवतोय या भावनेनं राबली.

भाची: बघा, आता तुम्हीच माझं बोलताय. सरळ माणसांच्या हातून १६२ गावं बुडाली. दुष्ट माणूस शोधून सापडणार नाही.

मामा: सापडेल. आरशात सापडेल. उन्हाळ्यात नर्मदा भरलेली दिसते ती बरगीतून सोडलेल्या पाण्यानं. आपण ते पाणी प्यायलो, वीज वापरली, रविवारी क्रूझवर भजी खाल्ली. रिक्षावाला कुठल्या गावचा, हे शहरातल्या किती जणांनी विचारलं? दुष्टपणा नसेल, पण जे दूर आहे ते माणसाला लागत नाही. हा स्वभावच आहे, आणि तुझ्या सगळ्या व्यवस्था त्याच्याच पायावर उभ्या आहेत.

भाची: हे मी मानते. दूरचं लागत नाही. म्हणूनच निर्णय जवळ आणायला हवा. याच बरगीत १९९४ मध्ये मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाला मिळाला, मोठ्या लढ्यानंतर. काही वर्षांनी तो काढून घेतला गेला आणि ठेकेदार आले. दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासे धरायला बंदी असते, प्रजननाचा काळ म्हणून. मला सांगा, ही बंदी मनापासून कोण पाळेल? ज्याची मुलं पुढची वीस वर्षं त्याच पाण्यावर जगणार आहेत तो, की ज्याचा ठेका संपत आलाय तो?

मामा: पहिला. पण तोही कधीमधी रात्री जाळं टाकेल.

भाची: टाकेल. आणि शेजारचा त्याला ओळखत असेल, म्हणून पकडेल. ठेकेदाराला कोण पकडणार?

मामा: हं. कुंपणच शेत खातं, आणि कुंपण कोणी लावलं हे शेताला कोणी विचारत नाही. बरं, एवढं मी लिहून देतो, की हाव सगळीकडे सारखी आणि नासाडी सगळीकडे सारखी नाही. मधे काहीतरी आहे.

भाची: आणि मी लिहून देते, की नुसत्या निकालानं तळं भरत नाही. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यानंतरही तळी जात राहिली. निकालामागे उभं राहणारं गाव नसेल तर तो कागद आहे.

दोघांचा वाद इथे थांबला नसणार, पण लेखाला थांबावं लागतं. माझं मत भाचीकडे झुकतं. मामांचा मुद्दा चुकीचा आहे म्हणून नव्हे, तो फार सोयीचा आहे म्हणून. 'माणूसच असा' म्हटलं की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. नोंद बदलणारा कारकून आणि शिंगाडा लावणारा बर्मन एकाच पंगतीला बसतात. पण भाचीच्या बाजूलाही एक पळवाट आहे आणि मामांनी ती नेमकी दाखवली: 'व्यवस्था' म्हटलं की आपला फ्लॅट आणि आपलं स्वस्त दूध हिशेबातून सुटतं. म्हणून दोन्ही शब्द बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावेत. हे पाणी नासलं तर आधी कोणाची चूल विझते? आणि त्या पाण्याचा निर्णय होतो तेव्हा त्या माणसाला तिथे बसायला जागा असते का? जबलपूरच्या बहुतेक तळ्यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ती तळी गेली ती याच कारणानं.

जबलपूरकरांनी आपल्या वस्तीतल्या उरलेल्या तळ्याचा खसरा काढावा, महाराष्ट्रातल्या वाचकांनी सातबारा. आज त्यावर कोणती नोंद आहे, पूर्वी कोणती होती, आणि त्या पाण्यावर पोट असलेल्यांचा त्यात उल्लेख तरी आहे का, एवढं पाहावं. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत तो कागद घेऊन उभं राहावं, आणि जाताना एकट्यानं जाऊ नये, त्या पाण्यावर जगणाऱ्यांना बरोबर न्यावं.